यशोगाथेतून गळलेली चूक

मोबाइलवर अंगठा सरकवत राहिलं की पाच-सहा व्हिडिओंनंतर एक माणूस हमखास भेटतो. कधी तो उद्योजक असतो, कधी स्पर्धा परीक्षेतून अधिकारी झालेला, कधी नोकरी सोडून गावी परतलेला इंजिनिअर. तो सांगतो : मी हरलो, लोक हसले, मी पुन्हा उठलो, आज इथे आहे. मागे हळुवार पियानो वाजत असतो आणि शेवटी एक वाक्य येतं, ‘चुकांना घाबरू नका, चुकांमधून शिका.’ खाली टाळ्यांचे आणि आगीचे इमोजी.

या प्रकाराला मराठीत जुनं, रुळलेलं नाव आहे : यशोगाथा. रील्स येण्याच्या कितीतरी आधीपासून ती आपल्याकडे आहे. वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्या, शेतीविषयक अंक, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, शाळेच्या बक्षीस समारंभातली भाषणं, सगळीकडे ती वाढली. आजच्या विशी-पंचविशीतल्या वाचकाने कथा-कादंबऱ्या कमी वाचल्या असतील, पण यशोगाथा त्याने शेकड्यांनी वाचल्या, ऐकल्या आणि पाहिल्या आहेत. नोकरी कशी करावी, वरिष्ठांशी कसं वागावं, काम बिघडलं तर स्वतःबद्दल काय समजावं, हे तो बऱ्याच अंशी याच साहित्यप्रकारातून शिकतो. मग कवितेची किंवा कादंबरीची करतो तशी त्याचीही समीक्षा करायला हवी.

माझा आक्षेप साधा आहे. चुकांमधून शिका असं सांगणाऱ्या या प्रकारात चूक जवळजवळ कधीच नसते. असतं ते अपयश, आणि या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अपयश ही अवस्था आहे. त्यात पाऊस, बाजार, नशीब, भागीदार असे सगळे वाटेकरी असतात. चुकीला मात्र कर्ता लागतो. ‘माझा धंदा बुडाला’ हे अपयश झालं. ‘मागच्या वर्षीची थकबाकी न तपासता मी त्याच दुकानदाराला पुन्हा उधारीवर माल दिला’ ही चूक झाली. पहिलं वाक्य ऐकून सहानुभूती वाटते. दुसरं ऐकून काहीतरी शिकता येतं. यशोगाथेला पहिलं वाक्य पुरतं, कारण तिला पुढच्या उडीसाठी फक्त एक खड्डा हवा असतो. खड्डा कोणी आणि कसा खणला याच्याशी तिला देणंघेणं नसतं.

कर्ता गाळण्याची सोय आपल्या भाषेतही भरपूर आहे. ‘चूक झाली’, ‘राहून गेलं’, ‘लक्षात आलं नाही’. कार्यालयीन मराठीत तर ‘सदर बाब अनवधानाने नमूद करावयाची राहून गेली’ असं लिहिलं की काम भागतं. बाब राहून जाते, ती राहू देणारा कोणी नसतो. कधीकधी ही सोय दयाळूही असते, ते नाकारायचं कारण नाही. पण शिकण्याच्या दृष्टीने ती कुचकामी आहे.

म्हणून चुकीबद्दलचं कोणतंही लेखन वाचताना मी तीन प्रश्न हाताशी ठेवतो. नेमकं काय चुकलं? ते कधी आणि कोणाला कळलं? आणि त्यानंतर कामाच्या पद्धतीत काय बदललं? मराठी वाचकाच्या ओळखीचे काही मजकूर या तीन प्रश्नांवर घासून पाहू. सुरुवात मात्र पुस्तकापासून नाही, एका गावापासून करू.

भाट्ये : सात वर्षांनी कळणारी चूक

रत्नागिरी शहरातून दक्षिणेला पावसच्या रस्त्याला लागलं की काजळी नदीच्या मुखाजवळचा पूल ओलांडून भाट्ये येतं. पर्यटकांना माहीत असलेलं भाट्ये म्हणजे लांबलचक किनारा, सुरूचं बन आणि झरी विनायकाचं देऊळ. याच भाट्यात प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र आहे. १९५५ साली सुरू झालेलं हे केंद्र आज दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाखाली चालतं. विद्यापीठ १९७२चं, म्हणजे केंद्र त्याच्याहून वयाने मोठं.

चुकीच्या चर्चेत नारळ आणायचं कारण म्हणजे त्याचा वेग. उंच जातीचा माड लावल्यावर तो फळ धरायला साधारण सहा-सात वर्षं घेतो, आणि पूर्ण उत्पन्नावर यायला त्याहून जास्त. नवीन संकर तयार करायचा तर काम आणखी लांबतं. माडाच्या पोयीवर नर आणि मादी अशी दोन्ही फुलं असतात. जो माड आई म्हणून निवडला त्याच्यावर चढायचं, नरफुलं उमलायच्या आत काढून टाकायची, दुसऱ्या जातीच्या माडाचा पराग आणून मादीफुलांवर टाकायचा. मग नारळ पक्व व्हायला जवळपास वर्ष. त्याचं रोप लावण्याजोगं व्हायला आणखी जवळपास वर्ष. मग ती सहा-सात वर्षं. मग काही हंगामांचं उत्पन्न मोजायचं, कारण एका वर्षाच्या आकड्यावर माडाबद्दल काहीच सांगता येत नाही. बाणवली नारळातून निवडलेली ‘प्रताप’ ही जात १९८७ साली प्रसारित झाली. केंद्र सुरू झाल्यापासून बत्तीस वर्षांनी.

आता या कामात चूक म्हणजे काय, ते बघा. आई म्हणून निवडलेला माड चुकीचा असेल, तर ते त्या दिवशी कळत नाही. त्या वर्षीही कळत नाही. ते कळतं तेव्हा निवड करणारा माणूस बदली होऊन गेलेला असू शकतो किंवा निवृत्तही झालेला असू शकतो. मग चुकीतून शिकायचं कोणी? इथे माणसाची स्मरणशक्ती, जिद्द, पुन्हा उठून उभं राहणं, यशोगाथेतलं सगळं भांडवल अपुरं पडतं. उपयोगी पडते ती नोंदवही. कोणत्या माडावर, कोणत्या तारखेला, कोणता पराग टाकला, किती फळं धरली, किती गळली. ज्याने लिहिलं त्याला ती नोंद कदाचित कधीच कामी येणार नाही. पंधरा वर्षांनी तिथे रुजू होणाऱ्या कोणा अनोळखी माणसाला ती शिकवेल.

शेतकऱ्यापर्यंत पोहोचते ती मात्र ‘शिफारस’. ही जात लावा, इतक्या अंतरावर लावा, इतकं खत द्या. नारळाच्या बागेत दालचिनी, जायफळ, मिरी अशी मसाल्याची पिकं घेण्याची ‘लाखी बाग’ ही कल्पनाही अशीच शिफारस म्हणून कोकणात पोहोचली. शिफारशीत जिंकलेलं झाड असतं, न जिंकलेली झाडं वहीत राहतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे ठीकच आहे, त्याला उत्तर हवं असतं. पण जो हे काम शिकतोय त्याने शिफारस वाचून भागत नाही, त्याला वही उघडावी लागते. यशोगाथा ही शिफारशीसारखी आहे आणि आपण ती वही समजून वाचतो, ही आपल्या वाचनातली खरी गडबड.

सिलिकॉन व्हॅलीतून आलेला ‘फेल फास्ट’चा मंत्र हल्ली आपल्या कॉलेजांतल्या स्टार्टअप कट्ट्यांवरही ऐकू येतो. लवकर चुका, लवकर सुधारा. ॲपमधला बदल संध्याकाळी मागे घेता येतो, त्यामुळे तिथे त्याला अर्थ आहे. पण नोकरीतल्या सगळ्या चुका तशा नसतात. चुकीची फाइल मेलला जोडली तर पाच मिनिटांत फोन येतो. न समजलेलं काम ‘हो, जमेल’ म्हणून घेण्याची सवय, प्रश्न न विचारता मान हलवण्याची सवय, ज्याच्याकडून काही शिकण्यासारखं नाही अशा वरिष्ठाच्या हाताखाली आरामात काढलेली चार वर्षं, या चुकांचा फोन येत नाही. त्या माडासारख्या वाढतात आणि सातव्या वर्षी फळ धरत नाहीत. नोकरीत वाढ झाली की नाही हे बहुधा या दुसऱ्या प्रकारच्या चुकांवर ठरतं, आणि त्यांच्याबद्दल यशोगाथा गप्प असते.

कार्व्हर, आपले आणि टस्कीगीचे

वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ १९८१ साली आलं. मराठी घरांमध्ये या पुस्तकाने जे काम केलं ते फार थोड्या पुस्तकांना जमलं आहे. गुलामीत जन्मलेला, पोरका, काळा मुलगा शिकतो, कृषिशास्त्रज्ञ होतो आणि आयुष्य दक्षिणेतल्या गरीब शेतकऱ्यांसाठी वेचतो, ही गोष्ट मराठी मुलांच्या दोन पिढ्यांना पाठ आहे. त्या पुस्तकाचं ऋण नाकारायचं नाही. विचारायचं एवढंच, की ते वाचून आपल्या मनात जो कार्व्हर उरतो त्याला कधी नोकरी असते का? वरिष्ठ असतात का? त्याचा अहवाल कोणी तपासतं का?

योगायोग असा की त्याच १९८१ साली अमेरिकेत लिंडा मॅकमरी या इतिहासकाराचं कार्व्हरचरित्र प्रसिद्ध झालं. शास्त्रज्ञ कार्व्हर आणि प्रतीक झालेले कार्व्हर यांना वेगळं करून पाहणं हा त्या पुस्तकाचा हेतू. त्यातले कार्व्हर १८९६ला टस्कीगीच्या संस्थेत रुजू झालेले एक कर्मचारी आहेत. संस्थाप्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन यांनी शिकवण्याबरोबर त्यांच्यावर इतरही कामं टाकली होती, त्यातलंच एक कोंबड्यांचं खुराडं. १९०४ साली संस्थेच्या समितीने ठपका ठेवला की कुक्कुटपालनाच्या उत्पन्नाबद्दलचे कार्व्हर यांचे अहवाल फुगवलेले आहेत. कार्व्हर यांना ते फार लागलं. आपल्याला खोटारडं ठरवलं जातंय, हे असह्य आहे, अशा अर्थाचं पत्र त्यांनी वॉशिंग्टन यांना लिहिलं. पुढेही अनेक वर्षं कामाच्या वाटणीवरून कुरबुरी चालू राहिल्या, राजीनाम्याच्या गोष्टी झाल्या. शिकवण्यात आणि शेतकऱ्यांपर्यंत पोहोचण्यात अद्वितीय असलेला हा माणूस हिशेब आणि व्यवस्थापनात कच्चा होता.

हे वाचून कार्व्हर लहान होतात का? मला तर ते पहिल्यांदा जवळचे वाटतात. पहिल्याच नोकरीत एक्सेल शीटमधला आकडा जुळला नाही म्हणून सगळ्यांसमोर बोलणी खाल्लेल्या मुलीला शेंगदाण्यापासून शेकडो पदार्थ काढणाऱ्या संताचा उपयोग मर्यादित आहे. कोंबड्यांच्या हिशेबात अडकलेला, चिडलेला, दुखावलेला आणि तरीही टस्कीगीतच आयुष्यभर काम करत राहिलेला माणूस तिला जास्त सांगू शकतो. काय करता येत नाही हे कळणं आणि जे येतं त्याच्याकडे हळूहळू सरकणं, हीसुद्धा व्यावसायिक वाढ आहे. पण ती पोस्टरवर छापता येत नाही.

कार्व्हर यांच्या लोकप्रिय चरित्रकथांमध्ये आणखी एक जागा आहे. कापसावर बोंडकिडा आला, कार्व्हर यांनी शेतकऱ्यांना भुईमूग लावायला सांगितलं, शेतकऱ्यांनी लावला, आणि मालाला गिऱ्हाईक नव्हतं. तेव्हा कार्व्हर प्रयोगशाळेत शिरले आणि शेंगदाण्याचे उपयोग शोधू लागले. ही गोष्ट नेहमी प्रतिभेची म्हणून सांगितली जाते. पण ती आधी चुकीची गोष्ट आहे. पीक सुचवताना बाजाराचा विचार राहिला होता. सल्ला देणाऱ्याची चूक आणि तोटा सल्ला घेणाऱ्याचा, हे शेतीत आजही रोज घडतं. गोष्टीचा जोर या वाक्यावर दिला असता तर तिने पिढ्यान् पिढ्या कृषी सल्लागार घडवले असते. आपण जोर दिला तो चमत्कारावर. त्यात भर म्हणजे कार्व्हर यांनी आपल्या पदार्थांच्या कृती फारशा लिहून ठेवल्या नाहीत. नाव राहिलं, वही राहिली नाही. माझ्या तीन प्रश्नांपैकी तिसऱ्याचं उत्तर त्यामुळे पुढच्यांना फारसं मिळत नाही.

उजेडाची भीती आणि पंचनामा

आपल्याकडे चूक लिहिली का जात नाही, याचं उत्तर शोधायला रत्नागिरीबाहेर जावं लागत नाही. पु. ल. देशपांड्यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’ (१९६२) मधला अंतू बर्वा रत्नागिरीचाच. त्याच्या तिरकस बोलण्यावर मराठी माणूस साठ वर्षं हसतोय. ऑडिओ आणि यूट्यूबमुळे ज्यांनी पुस्तक हातात धरलेलं नाही त्यांनाही तो ठाऊक आहे. पण अंतूच्या बोलण्याचा सामाजिक परिणाम काय, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. गावातल्या कोणाचीही फजिती त्याच्या तोंडून सुटत नाही. नव्याने काही करू पाहणारा तर हमखास सापडतो. अशा आळीत एकदा केलेली चूक माणसाला नावासकट चिकटते, आणि पुढची चाळीस वर्षं तो त्या नावाने ओळखला जातो. मग शहाणा माणूस काय करतो? चुका करणं तर थांबवता येत नाही. तो त्या सांगणं थांबवतो.

पु.लं.ची ताकद अशी की त्यांनी अंतूलाही यातून सोडलेलं नाही. गावात वीज येते तेव्हा अंतूला ती घरात नको असते. उजेडात दिसणार काय, तर घरातलं दारिद्र्य. हे वाक्य विनोदी म्हणून ऐकलं जातं, पण ते त्या व्यक्तिचित्राचं मर्म आहे. दुसऱ्यांच्या उणिवांवर आयुष्यभर उजेड पाडणारा माणूस स्वतःच्या घरात अंधार पसंत करतो. ज्या ऑफिसमध्ये दुसऱ्याच्या चुकीची टिंगल लंचब्रेकमध्ये होते, तिथे प्रत्येक जण आपापला दिवा विझवूनच बसतो. त्या ऑफिसात ‘आमच्याकडे खुली संस्कृती आहे’ असं पोस्टर लावलेलं असलं तरी.

पु.लं.ची ‘म्हैस’ हा याच विषयावरचा दुसरा मजकूर. कोकणातल्या रस्त्यावर एसटीची म्हशीला धडक बसते आणि प्रवास थांबतो. मग मालक, पोलीस, पुढारी, प्रवासी असे एकेक जण आपापली भूमिका घेऊन उभे राहतात. शेवट माहीत नसलेल्यांसाठी तो इथे सांगत नाही. ही कथा माणसांच्या नमुन्यांसाठी ऐकली जाते, पण मला ती कामाच्या ठिकाणच्या चौकशीचं आपल्याकडचं सर्वांत नेमकं चित्रण वाटते. काहीतरी बिघडलं आहे, आणि आता सगळ्यांचं लक्ष बिघडलेल्या गोष्टीपेक्षा ‘जबाबदार कोण’ याच्याकडे आहे. गाडी पुढे न्यायची तर आधी पंचनामा हवा.

पंचनामा हा आपल्याकडचा चुकीबद्दलचा सर्वांत परिचित लेखनप्रकार. तो यशोगाथेपेक्षा प्रामाणिक असतो. जागा, वेळ, अंतर, साक्षीदार, सगळं त्यात असतं. माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तो देतो. दुसऱ्याचं अर्धं देतो. तिसरा प्रश्न त्याच्या गावीही नसतो. या वळणावर गाड्या पुन्हा पुन्हा का धडकतात, इथे काय बदलायला हवं, असं पंचनामा विचारत नाही. त्याला दोषी हवा असतो. यशोगाथेला नायक हवा असतो. शिकणाऱ्याला या दोघांचाही फारसा उपयोग नाही.

चूक लिहिण्याची दुसरी रीत

तिन्ही प्रश्नांची उत्तरं देणारं लेखन मला सापडलं ते एका मराठी बापाच्या मुलाच्या इंग्रजी पुस्तकात. अतुल गावंडे यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड तालुक्यातल्या उटी गावचे. ते अमेरिकेत जाऊन डॉक्टर म्हणून स्थिरावले. अतुल तिथेच जन्मले, वाढले, सर्जन झाले. त्यांचं ‘कॉम्प्लिकेशन्स’ हे पुस्तक २००२चं. त्यातला डॉक्टरांच्या चुकांवरचा निबंध आधी १९९९ साली ‘न्यू यॉर्कर’मध्ये आला होता.

त्या निबंधात गावंडे शिकाऊ सर्जन आहेत. रात्रीची वेळ, मोटार अपघातात जखमी झालेली बाई, श्वासनलिकेत नळी जात नाही. गळ्याला छेद देऊन वाट काढायची वेळ येते. हे काम त्यांनी फारसं केलेलं नाही. उजेड अपुरा, रक्त ओढून घ्यायची तयारी अपुरी. वरिष्ठ सर्जनला वेळेत हाक मारायला हवी होती, ती मारलेली नाही. प्रयत्न फसतो. शेवटी भूलतज्ज्ञ लहान मुलाच्या मापाची नळी घालतो आणि बाई वाचते. गावंडे एकेक पायरी लिहितात. कुठे थांबायला हवं होतं, कुठे अभिमान आड आला, सगळं. वाचताना पोटात गोळा येतो, पण ते रडत नाहीत आणि स्वतःला माफही करून टाकत नाहीत.

निबंधाचा खरा गाभा त्यापुढे आहे. अमेरिकेतल्या शिकवणाऱ्या रुग्णालयांत दर आठवड्याला डॉक्टरांची बंद दाराआडची बैठक होते. तिथे झालेले मृत्यू आणि बिघडलेल्या केसेस मांडल्या जातात. महत्त्वाचा नियम असा की केस मांडतो तो वरिष्ठ. चूक शिकाऊ डॉक्टरच्या हातून झाली असली तरी उत्तर वरिष्ठाने द्यायचं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी जबाबदारी पाण्यासारखी वरून खाली वाहते आणि सर्वांत खालच्या माणसाच्या पायाशी साचते. इथे ती वर चढते.

गावंडे तिथेही थांबत नाहीत. ही बैठकसुद्धा माणसाभोवतीच फिरते, असं त्यांचं म्हणणं. मग ते भूलशास्त्राचं उदाहरण देतात. एकेकाळी भूल देताना दहा हजारांमागे एक-दोन रुग्ण दगावत. जेफ्री कूपर या इंजिनिअरने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली अशा ३५९ चुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी चुका करणारे वाईट डॉक्टर शोधले नाहीत. चुका कुठल्या क्षणी, कुठल्या उपकरणापाशी होतात ते शोधलं. एक गोष्ट तर अशी निघाली की जवळपास निम्म्या यंत्रांवर चावी उजवीकडे फिरवली की औषध वाढायचं, उरलेल्यांवर कमी व्हायचं. डॉक्टर थकलेला असो वा ताजा, यंत्र बदललं की हात चुकणारच. यंत्रं एकसारखी केली, रक्तातल्या ऑक्सिजनवर लक्ष ठेवणारी उपकरणं आली, आणि मृत्यूचं प्रमाण दोन लाखांत एकापर्यंत खाली आलं. काय चुकलं, कधी कळलं, काय बदललं. तिन्ही उत्तरं एका ठिकाणी.

साहित्य म्हणून हा निबंध मला मोठा वाटतो, कारण त्यात ‘मी’ आहे आणि तो ‘मी’ शेवटी बाजूला होतो. यशोगाथेत ‘मी’ सुरुवातीला लहान असतो आणि शेवटी पडदाभर पसरतो.

तरी या पुस्तकालाही एक प्रश्न विचारायलाच हवा. गावंडे हे सांगू शकले याचं एक कारण असं की सांगून त्यांचं काही गेलं नाही. रुग्ण वाचली. पुढे ते जगप्रसिद्ध झाले. बैठक बंद दाराआड होती. त्याच रात्री त्याच खोलीतल्या एखाद्या कंत्राटी मदतनीसाने आपली चूक इतक्या मोकळेपणाने लिहिली असती, तर त्याच्या हाती पुस्तकाचा करार आला असता की कामावरून काढल्याची चिठ्ठी?

चूक परवडते कोणाला?

इथे हा विषय साहित्याच्या बाहेर पडतो, आणि पडायलाच हवा. ‘चुका करा, शिका’ हे वाक्य सगळ्यांना सारख्या भावात मिळत नाही. घरच्या पैशावर तिसरा स्टार्टअप काढणाऱ्याची चूक अनुभव ठरते. रेटिंगवर जगणाऱ्या डिलिव्हरी करणाऱ्या पोराची चूक त्याच दिवशीच्या कमाईतून वजा होते. अकरा महिन्यांच्या कंत्राटावरची नर्स, एसटीचा चालक, आशा सेविका, कॉल सेंटरमधली रात्रपाळीची मुलगी, यांना चूक सांगायची तर आधी नोकरी पणाला लावावी लागते. मराठीत या माणसांच्या कामाची, कामातल्या चुकांची आत्मकथनं अगदी थोडी आहेत. दुःखाची आत्मकथनं आपल्याकडे समृद्ध आहेत, संघर्षाची आहेत, यशाची तर रीघ आहे. कौशल्याची आणि ते कसं आलं याची मात्र नाहीत. विजेच्या खांबावर चढणाऱ्या वायरमनने पहिल्या वर्षी काय चुकवलं, सुईणीने कोणत्या लक्षणाकडे दुर्लक्ष केलं, हे ज्ञान तोंडी चालतं आणि माणसाबरोबर संपतं.

भाट्याच्या खाडीच्या मुखाशी वाळू साचते आणि होड्या तिथे रुतल्याच्या बातम्या येत असतात. पलीकडे राजिवड्याचे मच्छीमार त्याच वाटेने समुद्रात जातात. होडी रुतली की ती किनाऱ्यावरून सगळ्यांना दिसते, लपवता येत नाही. आज वाळूची दांडी कुठे आहे हे बाकीच्यांना एका तांडेलाच्या चुकीतून कळतं. चूक उघडी पडल्यावर तिचा फायदा सगळ्यांना होतो, हे खरं. पण नुकसान मात्र एकट्या त्याच्या होडीचं होतं. नुकसानही वाटून घ्यायची काही सोय असेल तरच माणसं आपणहून चुका उघड्या करतील. टस्कीगीत ती नव्हती, अंतूच्या आळीत नव्हती. गावंडेंच्या बैठकीत काही प्रमाणात होती, कारण वरिष्ठ पुढे उभा राहत होता.

म्हणून यापुढे एखादी यशोगाथा समोर आली तर ती बंद करायची गरज नाही. तिला फक्त ते तीन प्रश्न विचारा. दहा लाख बुडाले म्हणता, नेमक्या कोणत्या निर्णयाने? ते तुम्हाला कळलं केव्हा, आणि तुमच्या आधी तुमच्या कारखान्यातल्या कोणाला कळलं होतं का? आज तुमच्याकडे तीच चूक नव्याने आलेल्या पोराच्या हातून होऊ नये म्हणून काय बदललं आहे, आणि झालीच तर उत्तर कोण देतं? बहुतेक रील्स पहिल्याच प्रश्नाला संपतील. जी टिकेल ती जपून ठेवा.

आणि जमलं तर आपली एक वही ठेवा. मोबाइलमधली नोट चालेल. तारीख, काय केलं, काय अपेक्षित होतं, काय झालं. तिच्यात प्रेरणादायी काही नसेल, ती कोणी शेअर करणार नाही. भाट्यातल्या माडांच्या नोंदींचंही तसंच आहे. त्या वाचून कोणाच्या अंगावर काटा येत नाही. पण पुढचं रोप कोणत्या झाडाचं घ्यायचं ते त्यांच्यावरून ठरतं.